गाडी धुतली तरी पांढरे डाग का राहतात? सीलंट घ्यावं की रिन्सलेस वॉश?

रविवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी मनसोक्त धुतली. फेस काढला, फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि नाश्त्याला वर गेलात. तासाभरानं खाली येऊन बघता तर बॉनेटवर, टपावर, काचेवर पांढरट गोल गोल ठिपके. ओलं फडकं फिरवलं की गायब, वाळलं की पुन्हा हजर. त्यात गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर विचारूच नका.

मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. एका रीलमध्ये चकचकीत बॉनेटवर पाणी टाकतात आणि त्याचे मोत्यासारखे थेंब होतात. "एकदा लावा आणि डाग विसरा." कुणी सीलंट घ्या म्हणतं, कुणी सिरॅमिक कोटिंग करून घ्या म्हणतं, तर कुणी म्हणतं पाइपच बंद करा, रिन्सलेस वॉश वापरा.

यातलं खरं काय? थोडक्यात सांगायचं तर डाग पडूच देणार नाही असा कुठलाही लेप बाजारात नाही. हे डाग पाण्यातल्या क्षारांचे असतात आणि पाणी रंगावर वाळलं की ते पडणारच. सीलंटमुळे डाग रंगाला घट्ट धरत नाही, तुम्हाला थोडा वेळ मिळतो. रिन्सलेस वॉशमुळे गाडीवर मुळात पाणीच कमी पडतं. पण डाग खरा टळतो तो वेळेवर पुसल्यामुळे. हे एकदा कळलं की काय विकत घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवणं सोपं जातं.

हे डाग नेमके कसले असतात?

आपण म्हणतो "पाण्याचे डाग", पण पाणी तर उडून जातं. मागे राहतं ते पाण्यात विरघळलेलं.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी खडकांतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवतं. हेच पाणी बॉनेटवर वाळायला लागलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर उरतो. गिझरच्या कॉइलवर, बाथरूमच्या नळावर आणि बादलीच्या आतल्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच हा.

डाग गोल कड्यासारखा का दिसतो? टेबलावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की त्याची कड गडद होते, मधला भाग फिका राहतो. थेंबाची कड आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना विरघळलेले पदार्थ तिथे नेऊन ठेवतं. गाडीवरच्या थेंबाचंही तसंच होतं.

आता एक साधा हिशोब. तुमच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरा. गाडी धुतल्यावर तिच्यावर एक लिटर पाणी राहिलं आणि ते तसंच वाळलं, तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड गाडीवर उरली. म्हणजे साधारण चिमूटभर मीठ. शॅम्पू कितीही महागाचा असला तरी ही चिमूट काही कमी होत नाही.

आपल्याकडे हा त्रास जास्त का?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. त्यामुळे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड लागतं. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, डाळ लवकर शिजत नाही.

धरणातलं पाणी त्या मानानं हलकं असतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं पाणी येतं. पुणे शहराला खडकवासला साखळीतल्या धरणांचं येतं. पण शहराबाहेर वाढलेल्या नव्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकरवर भिस्त असते. म्हणूनच एकाच शहरात एकाची गाडी नुसत्या पाण्यानं चकचकीत राहते आणि दुसऱ्याची तशीच धुतलेली गाडी ठिपक्यांनी भरते.

पाणी पिण्यालायक आहे म्हणजे डाग पडणार नाहीत, असंही नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत मात्र १८० च्या पुढचं पाणी "अतिशय कठीण" धरलं जातं. म्हणजे प्यायला चालणारं पाणी गाडीला त्रासदायक असू शकतं.

तुमच्या पाण्याचा अंदाज घ्यायचा तर टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतं. ते फक्त कठीणपणा दाखवत नाही, पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं. डागांच्या बाबतीत तोच आकडा कामाचा, कारण जे जे विरघळलेलं आहे ते ते गाडीवर उरणार आहे. मीटर आणायचं नसेल तर एक सोपा उपाय आहे. तुमच्या पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीवर टाका आणि उन्हात ठेवा. ताटलीवर जे दिसेल तेच बॉनेटवर दिसणार.

डाग पुसून जातो, मग एवढी काळजी कशाला?

कारण प्रत्येक डाग पुसून जात नाही.

पहिल्या प्रकारचा डाग रंगाच्या वर बसलेला असतो. एक-दोन दिवसांचा असेल तर तो सहज निघतो. दुसऱ्या प्रकारचा डाग रंगात उतरलेला असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो, हात टेकवत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर क्षार पुन्हा पुन्हा वाळत राहिले की रंगाच्या वरच्या थरावर बारीक खड्डा पडतो. क्षार काढून टाकले तरी खड्डा तसाच राहतो.

आता हा वरचा थर किती जाड असतो ते बघा. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांवर हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ थरावर अवलंबून आहे.

खड्डा पडलेला डाग घालवायचा तर मशीननं पॉलिश करावं लागतं. पॉलिश म्हणजे रंगावर काही चढवणं नसतं. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणणं, हे पॉलिश. दोन-चार वेळा जमतं. पुढे थर इतका पातळ होतो की तो फिका पडून सोलायला लागतो आणि मग त्या भागाला नव्यानं रंग देण्याशिवाय इलाज नसतो. दसऱ्याला हौसेनं आणलेली गाडी पुढच्या दसऱ्यापर्यंत पॉलिशला न्यावी लागली, तर तो खर्च पैशांपुरताच राहत नाही. गाडीचा मूळ रंगही थोडा खर्ची पडतो.

काचेचं आणखी वेगळं. समोरच्या काचेवर क्षारांचा थर बसला की रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो आणि रस्ता दिसत नाही. इथे प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. "थेंब भिंगासारखा ऊन एकवटतो आणि रंग जाळतो" असं बरेच जण सांगतात. पण सपाट पृष्ठभागावर बसलेल्या थेंबातून गेलेले किरण पृष्ठभागाच्या बरेच खाली एकत्र येतात. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी पानांवरच्या थेंबांचा अभ्यास केला, तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा पडत नाहीत असंच दिसलं. उन्हात गाडी धुऊ नये हे खरं, पण त्याचं कारण भिंग नाही. उन्हात पाणी पुसायच्या आधीच वाळतं, हे कारण आहे.

रीलमधले मोत्यासारखे थेंब चांगले की वाईट?

अळवावरचं पाणी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. अळूच्या पानावर थेंब टिकत नाही, जरा हललं की घरंगळून जातो आणि जाताना धूळही घेऊन जातो. कमळाचंही तसंच. या पानांवर सूक्ष्म उंचवटे आणि मेणासारखा थर असतो. त्यामुळे थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो, तो इथे १५० अंशांच्या पुढे असतो.

गाडीच्या लेपांची जाहिरात बघून वाटतं की बॉनेटचंही अळूचं पान होणार. तसं होत नाही. वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंगवर हा कोन साधारण १०० अंशांच्या आसपास असतो. थेंब फुगीर दिसतो, पण जागचा हलत नाही. दारांवरून आणि उभ्या काचेवरून तो ओघळतो. बॉनेट, टप आणि डिकीच्या आडव्या भागावर मात्र तिथेच बसून राहतो आणि वाळतो.

आणि फुगीर थेंब वाळला तर डाग जास्त उठून दिसतो. पसरलेल्या पाण्यातले क्षार मोठ्या जागेत विखुरतात. थेंबातले सगळे क्षार एका छोट्या कड्यात साचतात. म्हणूनच महागडं कोटिंग केलेल्या गाडीवर, विशेषतः ती उघड्यावर उभी असेल तर, डाग जास्त ठळक दिसल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. अनेक कोटिंगच्या वॉरंटीच्या अटींमध्ये पाण्याचे डाग वगळलेले असतात. पैसे देण्याआधी तो कागद वाचून घ्या.

थेंब होण्याला पर्याय आहे तो पाणी चादरीसारखं एकसंध ओघळून जाण्याचा. काही सीलंटवर पाणी असं वाहतं आणि मागे फार थोडं उरतं. जपानमध्ये तर कोटिंग विकतानाच थेंब करणारं, ओघळवणारं आणि पाणी पसरू देणारं असे वेगवेगळे प्रकार सांगितले जातात. गाडी उघड्यावर असेल तर थेंबांपेक्षा ओघळ बरा.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक?

तिघांचं काम एकच. रंग आणि क्षार यांच्यामध्ये एक थर उभा करायचा. डाग पडला तर तो आधी या थरावर पडतो आणि क्लिअर कोटला लगेच धक्का लागत नाही. फरक टिकण्यात आणि खर्चात आहे.

वॅक्स: यातलं प्रसिद्ध कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून मिळतं. चमक छान येते, पण आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. वारंवार लावायची हौस असेल तर ठीक.

सीलंट: हे कृत्रिम पॉलिमरपासून बनतं. नीट साफ केलेल्या रंगावर लावलं तर साधारण चार ते सहा महिने साथ देतं. पेस्ट, लिक्विड आणि स्प्रे अशा रूपांत मिळतं. घरी लावता येतं, चुकलं तर पुन्हा लावता येतं. स्वतः गाडी धुणाऱ्यांसाठी हा मधला मार्ग सगळ्यात सोयीचा.

सिरॅमिक कोटिंग: सिलिकावर आधारित हा लेप कडक होऊन रंगाला चिकटतो आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतो. पण लावण्याआधी रंग पॉलिश करावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. त्यावर पडलेल्या डागाकडे दुर्लक्ष केलं तर तो कोटिंगमध्येच बसतो आणि काढताना कोटिंगही जाऊ शकतं. गाडी झाकलेल्या जागेत असेल आणि धुतल्यावर लगेच पुसायची सवय असेल तरच हा खर्च वसूल होतो.

सीलंट घेताना बाटलीवर तीन गोष्टी बघा. पहिली, ते ओल्या गाडीवर लावता येतं का. येत असेल तर पुसताना दोन फवारे मारले की काम झालं आणि फडकंही अलगद सरकतं. दुसरी, लावल्यावर किती तास पाणी लागू द्यायचं नाही. काहींना तासभर पुरतो, काहींना पूर्ण दिवस लागतो. पावसाळ्यात हे महत्त्वाचं. तिसरी, पाणी ओघळतं की थेंब होतात. आणि बाटलीवर "डागांपासून शंभर टक्के मुक्ती" असं लिहिलेलं असेल तर पुढची बाटली बघा.

सीलंट कधीही मळलेल्या किंवा डाग असलेल्या रंगावर लावू नका. आधीचे डाग थराखाली अडकून बसतात.

रिन्सलेस वॉश म्हणजे काय?

नावातच उत्तर आहे. यात शेवटी पाइपनं गाडी खंगाळायची नसते. बादलीभर पाण्यात थोडंसं द्रावण टाकायचं, त्यात भिजवलेल्या मऊ मायक्रोफायबर फडक्यानं गाडी पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

यातले पॉलिमर आणि गुळगुळीतपणा आणणारे घटक धुळीच्या कणांना वेढतात, त्यामुळे कण रंगावर घासत जाण्याऐवजी फडक्यात उचलले जातात. शॅम्पूसारखा फेस होत नाही, म्हणून धुवायची गरज उरत नाही. या प्रकारातलं ऑप्टिमम नो रिन्स हे अमेरिकन उत्पादन सगळ्यात जास्त ओळखलं जातं. त्याचं प्रमाण एकास २५६ असं दिलं जातं. म्हणजे पाच लिटर पाण्याला जेमतेम २० मिलिलिटर. इतर कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घ्या. जास्त टाकलं की रेघा आणि ओशटपणा राहतो.

करायची पद्धत अशी:

१. गाडी सावलीत घ्या. बॉनेटवर हात ठेवून बघा, गार असेल तरच सुरुवात करा.

२. सहा-आठ मायक्रोफायबर फडकी द्रावणात भिजवून ठेवा. स्प्रेच्या बाटलीत तेच द्रावण भरा.

३. एका वेळी एकच भाग घ्या. आधी त्यावर फवारा मारा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे धूळ सुटते.

४. फडकं चौघडी करून एकाच दिशेनं, दाब न देता फिरवा. बाजू मळली की घडी उलटा. सगळ्या बाजू मळल्या की ते फडकं बाजूला ठेवा. ते पुन्हा बादलीत बुडवायचं नाही.

५. तो भाग लगेच दुसऱ्या कोरड्या, जाड मायक्रोफायबरनं टिपून घ्या. मगच पुढचा भाग.

६. टपापासून सुरुवात करून खाली या. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, त्यांची फडकी वेगळी.

पाचव्या पायरीतच डागांवरचा खरा उपाय आहे. पाइपनं धुताना सगळी गाडी एकदम ओली होते आणि शेवटचा कोपरा पुसेपर्यंत पहिला वाळलेला असतो. इथे एका वेळी एकच दार ओलं असतं. पाणी जड असलं तरी वाळायला त्याला वेळच मिळत नाही.

मर्यादाही समजून घ्या. पावसाळ्यात कोकणातून किंवा शेतरस्त्यानं आलेली, चिखलानं माखलेली गाडी या पद्धतीनं पुसू नका. चिखलातली वाळू रंगावर ओरखडे काढेल. आधी पाइपनं किंवा प्रेशर वॉशरनं चिखल उतरवा, मग रिन्सलेस वापरा. शहरातल्या रोजच्या धुळीला मात्र हे पुरेसं आहे.

आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं तर?

"आरओचं वेस्ट पाणी फेकू नका, गाडी धुवा" हा सल्ला घरोघरी दिला जातो. हेतू चांगला, पण डागांच्या दृष्टीनं हे सगळ्यात वाईट पाणी.

हिशोब करून बघा. मशीनमध्ये ४ लिटर पाणी गेलं, त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार. एकूण २,००० मिलिग्रॅम. त्यातलं १ लिटर शुद्ध होऊन बाहेर आलं, त्यात ५० मिलिग्रॅम. उरलेले १,९५० मिलिग्रॅम क्षार ३ लिटर वेस्ट पाण्यात गेले. म्हणजे लिटरमागे ६५०. नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त. हे पाणी फरशी पुसायला, टॉयलेटला किंवा फार तर चाकांचा चिखल काढायला वापरा. बॉनेटवर नको.

याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं बनलेलं असतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. रात्रभर बादली लावली की रिन्सलेस वॉशपुरतं पाणी बऱ्याचदा जमतं. कॉइलवरची धूळ उतरते म्हणून फडक्यातून गाळून घ्या. हे पाणी प्यायचं नाही, पण शेवटचा हात फिरवायला उत्तम. एसी नसेल तर पिण्याच्या आरओ पाण्याचे पाच लिटर पुरतात.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर? सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. एकूण क्षार फारसे कमी होत नाहीत, म्हणून ठिपके दिसतातच. पण सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात, ओल्या फडक्यानं निघून जातात. त्यामुळे त्रास कमी.

मग तुमच्यासाठी काय?

झाकलेलं पार्किंग, धरणाचं पाणी: सहा महिन्यांतून एकदा सीलंट आणि धुतल्यावर मोठ्या मायक्रोफायबरनं पुसणं. एवढं बास.

झाकलेलं पार्किंग, बोअर किंवा टँकरचं पाणी: पाइप बंद. आठवड्याला रिन्सलेस वॉश आणि ओल्या गाडीवर चालणारं स्प्रे सीलंट. पहिला खर्च चांगल्या फडक्यांवर करा, मग बाटलीवर.

उघड्यावरची गाडी: दोन-तीन महिन्यांनी सीलंट, तेही शक्यतो पाणी ओघळवणारं. पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडायच्या आत बॉनेट आणि टप टिपून घ्या. पावसाचं पाणी हलकं असतं, पण गाडीवरची धूळ त्यात मिसळते आणि वाळल्यावर डाग तिचा राहतो. बागेच्या कारंज्यांचं पाणी उडतं तिथे गाडी लावू नका, ते बहुधा बोअरचंच असतं.

शेजारी बांधकाम सुरू असेल: सिमेंटची धूळ ओली झाली की रंगावर घट्ट बसते. ती ओल्या फडक्यानं रगडू नका. आधी भरपूर पाण्यानं वाहून जाऊ द्या, मग पुसा.

पडलेले डाग काढायचे कसे?

सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि डाग गेला की तिथेच थांबा.

आधी रिन्सलेस वॉश करून बघा. मग एसीच्या किंवा आरओच्या पाण्यानं भिजवलेलं फडकं डागावर पाच मिनिटं ठेवा. तरी राहिला तर साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच शुद्ध पाणी एकत्र करा, फडक्यावर घेऊन डागावर मिनिटभर धरा, मग स्वच्छ पाण्यानं पुसून लगेच कोरडं करा. हे सावलीत, गार पत्र्यावर आणि आधी एखाद्या कोपऱ्यात करून बघा. रबर आणि उघड्या धातूला लागू देऊ नका. व्हिनेगरमुळे त्या जागचं वॅक्स किंवा सीलंटही कमी होतं, तिथे ते पुन्हा लावा.

व्हिनेगरनंही न गेलेला डाग सिलिकाचा असू शकतो किंवा रंगात उतरलेला असू शकतो. तिथे रंगाची जाडी मापकावर मोजून मगच पॉलिश करणारा माणूस गाठा. जाडी न मोजता मशीन लावणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

टॉयलेट क्लीनर, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट आणि तारेचा चोथा यातलं काहीही रंगावर वापरू नका. डाग जाईल, पण सोबत क्लिअर कोटही जाईल.

आणि रोज सकाळी गाडी पुसतात त्यांचं काय?

बऱ्याच सोसायट्यांमध्ये पहाटे एक जण एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर फिरते आणि त्यातून गोल गोल ओरखडे पडतात. त्यात बादलीत बोअरचं पाणी असेल तर डागही. पण यात त्यांचा दोष काय? तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पैशांत तेच शक्य असतं. त्यांना तुमच्या गाडीपुरती चार स्वच्छ फडकी आणि द्रावण भरलेली स्प्रेची बाटली देऊन ठेवा, पद्धत एकदा सोबत उभं राहून दाखवा आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा पुसायला सांगा. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे द्या.

राहिला प्रश्न पाण्याचा. मिनिटाला १० लिटर पाणी देणारा पाइप १५ मिनिटं सुरू राहिला तर १५० लिटर जातात. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरले जातात. म्हणजे एका धुण्यात एका माणसाचं दिवसभराचं पाणी गेलं, वर थोडं जास्तच. बेंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको. रिन्सलेसला पाच ते दहा लिटर पुरतात.

तेव्हा पुढच्या वेळी रीलमध्ये बॉनेटवर मोत्यासारखे थेंब दिसले तर व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. ते थेंब कुणी पुसताना दाखवलंय का? नसेल, तर तुमच्या गाडीवर ते वाळल्यावर काय दिसेल, हे आता तुम्हाला माहीत आहे.